स्टोरेज ड्रायव्हर कर्नलला घेऊन बुडतो तेव्हा : नवख्यांसाठी तपासाची वाट

एखादा साधा प्रोग्रॅम कोसळला की आपण लॉग फाइल उघडतो. डिस्कचा ड्रायव्हरच कोसळला, तर ती लॉग फाइल लिहिणार कोण? शेवटच्या, नेमक्या हव्या असलेल्या ओळी डिस्कवर पोचतच नाहीत, कारण पोचवणाराच मेलेला असतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. त्यामुळे इथला तपास इतर डीबगिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. कोड वाचण्याआधी पुरावा कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं.

हा लेख लिनक्सबद्दल आहे. सी भाषा वाचता येते आणि कर्नल स्वतः एकदा तरी बिल्ड केला आहे, एवढं गृहीत धरतो.

पहिलं काम : पुराव्याला दुसरं घर शोधा

सर्वांत भरवशाची सोय म्हणजे सीरियल कन्सोल. जुनाट वाटतो, पण बाकी सगळं बंद पडलं तरी तो बोलत राहतो. कर्नल कमांड लाइनवर कन्सोल म्हणून पहिला सीरियल पोर्ट आणि वेग ११५२०० द्या आणि दुसऱ्या यंत्रावर येणारा मजकूर फाइलीत उतरवा. व्हर्च्युअल मशिनमध्ये हे काम आणखी सोपं आहे, कारण क्यूएमू हा व्हर्च्युअल मशिन चालवणारा प्रोग्रॅम सीरियलचा मजकूर थेट होस्टवरच्या फाइलीत टाकतो. सीरियल पोर्ट नसेल तर नेटकन्सोल वापरा. तो कर्नलचे संदेश यूडीपीवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवतो, नेहमीचा पोर्ट ६६६६. नेटवर्क ड्रायव्हर शाबूत असेपर्यंत तो उत्तम चालतो.

पण हे दोन्ही फक्त मजकूर देतात. मेमरीची पूर्ण प्रत हवी असेल तर केडंप लागतो. त्याची युक्ती मोठी सुंदर आहे. बूट होतानाच थोडी मेमरी बाजूला राखून ठेवायची आणि तिच्यात दुसरा, छोटा कर्नल भरून ठेवायचा. मुख्य कर्नल पॅनिक झाला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीने पूर्ण थांबला, की केएक्सेक ही सोय त्या छोट्या कर्नलवर उडी मारते आणि तो मेलेल्या कर्नलची मेमरी व्हीएमकोअर नावाच्या फाइलीसारखी वाचून साठवतो. कमांड लाइनवरच्या क्रॅशकर्नल या पर्यायात किती मेमरी राखायची ते सांगायचं. २५६ एमबीपासून सुरुवात करा. छोटा कर्नल स्वतःच मेमरी संपून मेला, तर आकडा वाढवा.

इथे एक खाच आहे. केडंप मूळ सवयीप्रमाणे डंप, म्हणजे मेमरीची ती प्रत, लोकल डिस्कवर लिहितो, आणि आपला संशयित तर तोच ड्रायव्हर आहे. छोटा कर्नल उठतो तेव्हा डिस्क चालवणारा कंट्रोलर रीसेट झालेला नसतो. जुन्या कर्नलने दिलेल्या कमांड्स त्याच्या पोटात तशाच असतात. रीसेट डिव्हायसेस नावाचा पर्याय ड्रायव्हरला सांगतो की हार्डवेअर आधी स्वच्छ कर, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतलेली असायला हवी. म्हणून माझा आग्रह असा, की डंप एनएफएस किंवा एसएसएचवरून दुसऱ्या यंत्रावरच पाठवा.

आणि ही सोय आजच तपासा. रूट म्हणून प्रॉक डिरेक्टरीतल्या सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत इंग्रजी सी हे अक्षर लिहिलं की कर्नल मुद्दाम कोसळतो. डंप पोचला का, उघडतो का, ते पाहा. खरा क्रॅश झाल्यावर केडंप चालू नव्हता हे कळणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

आणखी एक गोष्ट जपून ठेवा : ज्या बिल्डवर क्रॅश झाला त्याच बिल्डची डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स फाइल (बिल्डमधून निघालेला न दाबलेला कर्नल), आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलची केओ फाइलही. तोच कोड वेगळ्या कंपायलरने पुन्हा बिल्ड केला की ऑफसेट सरकतात, आणि मग तुम्ही चुकीच्या ओळीकडे तासन्‌तास बघत बसता.

क्रॅश कोणत्या जातीचा?

सगळ्यालाच लोक क्रॅश म्हणतात, पण प्रत्येकाचा तपास वेगळा होतो.

ऊप्स म्हणजे कर्नलने चुकीच्या पत्त्यावर हात घातला. तो प्रोसेस संदर्भात झाला तर कर्नल त्या प्रोसेसला मारून कसाबसा पुढे चालतो. इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे हार्डवेअरने हाक दिल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, झाला तर मारायला प्रोसेसच नसते, थेट पॅनिक होतो. स्टोरेज ड्रायव्हरचं बरंच काम इंटरप्टमध्ये चालत असल्यामुळे आपल्या वाट्याला बहुधा पॅनिकच येतो. तपासाच्या यंत्रावर पॅनिक ऑन ऊप्स ही सेटिंग चालूच ठेवा. अर्धमेला कर्नल पुढे चालत राहिला तर पुरावा पुसत जातो, शिवाय फाइल सिस्टिमवर काहीबाही लिहीत बसतो ते वेगळंच.

सॉफ्ट लॉकअप म्हणजे एखादा सीपीयू सुमारे २० सेकंद कर्नलमध्येच फिरत राहिला आणि त्याने दुसऱ्या कोणाला संधीच दिली नाही. कंट्रोलरचा रेडी बिट उगवण्याची वाट बघणारं, वेळेची मर्यादा नसलेलं लूप हे त्याचं नेहमीचं कारण.

हंग टास्कचा संदेश १२० सेकंदांनी येतो : अमुक टास्क इतका वेळ अडकली आहे. इथे नवखे हमखास फसतात. छापलेला स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्याची यादी) वाट बघणाऱ्याचा असतो, वाट बघायला लावणाऱ्याचा नव्हे. फाइल सिस्टिमचं नाव दिसतं म्हणून फाइल सिस्टिमला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. हरवलेली रिक्वेस्ट, म्हणजे डिस्ककडे गेलेली वाचण्या-लिहिण्याची मागणी, शोधायची तर डीबगएफएस या तपासासाठीच्या आभासी फाइल सिस्टिममध्ये ब्लॉकच्या डिरेक्टरीत त्या डिस्कचं नाव उघडा. प्रत्येक हार्डवेअर क्यूची एक डिरेक्टरी आणि तिच्यात बिझी नावाची फाइल असते. हार्डवेअरकडे गेलेल्या आणि अजून परत न आलेल्या रिक्वेस्ट तिथे दिसतात.

ऊप्स वाचायचा कसा

यासाठी घाई करू नका. पन्नास ओळींच्या त्या पसाऱ्यात निम्मं उत्तर असतं.

आधी चौकटी कंसातला क्रमांक बघा. तो १ असेल तरच पुढे वाचा. २ किंवा ३ असेल तर वर सरकून पहिला शोधा, कारण नंतरचे ऊप्स हे पहिल्याने केलेल्या पडझडीचे पडसाद असतात. जवळच टेंटेड असा शब्द आणि पुढे अक्षरं दिसतील. ओ म्हणजे मुख्य कर्नलबाहेरचं मॉड्यूल, पी म्हणजे बंदिस्त परवान्याचं, डब्ल्यू म्हणजे आधीच एखादी वॉर्निंग येऊन गेली आहे, डी म्हणजे आधीच एक ऊप्स होऊन गेला आहे. डब्ल्यू दिसला की ती वॉर्निंग शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा मेमरी ॲलोकेटरच्या कोडमध्ये तीन दिवस घालवले होते. खरी गोष्ट लॉगमध्ये अकरा मिनिटं आधी पडलेल्या एका कमांड टाइमआउटच्या ओळीत होती, आणि ती मी कात्री लावून फेकून दिली होती. तेव्हापासून लॉग मी बूटपासूनच मागतो.

मग पत्ता. नल पॉइंटर डीरेफरन्स असं लिहून पत्ता हेक्स २८ दिला असेल, तर कोणीतरी नल पॉइंटरवरून स्ट्रक्चरच्या ४० व्या बाइटवरचं फील्ड वाचायला गेलं. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक फील्डचा ऑफसेट छापतं. ४० वर कोणतं फील्ड आहे ते बघितलं की कोणता पॉइंटर नल होता तेही बहुतेक वेळा कळतं. सुतावरून स्वर्ग म्हणा, पण इथे तो खरोखर गाठता येतो.

पत्त्याचा चेहराही ओळखायला शिका. ६बी ६बी ६बी अशी माळ दिसली तर ती मोकळी केलेली मेमरी आहे. स्लॅब या मेमरी वाटणाऱ्या भागाचं पॉयझनिंग (मोकळ्या जागेवर खूण भरणं) चालू असताना कर्नल मोकळ्या जागेत हाच बाइट भरतो. हेक्समध्ये डेड या शब्दाने सुरू होणारा आणि १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता म्हणजे लिस्टमधून आधीच काढलेला घटक कोणीतरी पुन्हा हाताळला. हे दोन्ही पत्ते वैध साच्यातले नसल्यामुळे ६४ बिटच्या एक्स८६ वर पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट असा मथळा येतो. पॉइंटरच्या जागी वाचता येईल असा मजकूर सापडला तर शेजारच्या बफरने हद्द ओलांडली आहे. आणि सगळे बिट एक, म्हणजे एफच एफ असतील, तर तो स्टोरेजवाल्यांचा खास पाहुणा : पीसीआय डिव्हाइस बसवरून नाहीसं झालं की त्याचा रजिस्टर वाचल्यावर असंच उत्तर येतं. ड्रायव्हरने ते न तपासता ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरलं, की खेळ खलास.

ऊप्स या शब्दापुढे छापलेला आकडी एरर कोडसुद्धा बोलतो. एक्स८६ वर सगळ्यात खालचा बिट शून्य असेल तर त्या पत्त्यावर पेजच नव्हतं, दुसरा बिट एक असेल तर लिहिण्याचा प्रयत्न होता. म्हणजे ०००२ चा अर्थ, कर्नलने नसलेल्या जागी लिहायचा प्रयत्न केला.

वर्कक्यूची, म्हणजे कर्नलने मागाहून करायला ठेवलेल्या कामांच्या रांगेची, ओळ सोडू नका. तिथे केब्लॉकडी (ब्लॉक लेयरची रांग) आणि टाइमआउट वर्क असं दिसलं तर कोड रिक्वेस्टच्या टाइमआउटच्या वाटेने आला आहे, आणि तुमच्या संशयितांची यादी निम्म्यावर आली. कॉल ट्रेसमध्ये ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह असतं ते स्टॅकवर पडलेला जुना कचरा असू शकतं. त्यावर निष्कर्ष बांधू नका.

ओळीपर्यंत पोचणं

आरआयपीच्या, म्हणजे सीपीयू कोणत्या सूचनेवर होता ते सांगणाऱ्या रजिस्टरच्या, ओळीत फंक्शनचं नाव, त्यातला ऑफसेट, फंक्शनची लांबी आणि मॉड्यूलचं नाव असतं. कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीतली एफॲडर-टू-लाइन ही स्क्रिप्ट त्यातून फाइल आणि ओळ काढून देते. पूर्ण ट्रेस एकदम उलगडायचा तर डीकोड-स्टॅकट्रेस आहे. कंपायलरने छोटी फंक्शन्स मोठ्यात विरघळवलेली असतात, म्हणून एका पत्त्याला तीन-चार ओळी मिळाल्या तर दचकू नका. आतली ओळ खरी, बाकीच्या तिला कोणी हाक मारली ते सांगतात.

खरा प्रश्न : रिक्वेस्ट कोणाच्या ताब्यात होती?

ओळ सापडली की नवखा माणूस तिथे नलची तपासणी टाकतो आणि पॅच पाठवतो. क्रॅश थांबतो, आणि महिन्याभराने डेटा बिघडल्याची तक्रार येते. कारण पॉइंटर नल का झाला हे कोणी विचारलंच नाही.

ब्लॉक लेयर, म्हणजे फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्यामधला थर, यात एका रिक्वेस्टचा प्रवास असा : फाइल सिस्टिम बायो (वाचण्या-लिहिण्याच्या कामाचं वर्णन) देते, ब्लॉक-एमक्यू हा रांगा सांभाळणारा भाग तिला टॅग, म्हणजे क्रमांक, देऊन रिक्वेस्ट बनवतो, ड्रायव्हरचं क्यू-आरक्यू हे फंक्शन ती हार्डवेअरकडे सोपवतं. हार्डवेअर डीएमए करून, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचून-लिहून, इंटरप्ट देतं, ड्रायव्हर टॅगवरून रिक्वेस्ट शोधतो आणि पूर्ण झाली असं कळवतो. त्या क्षणानंतर ती रिक्वेस्ट ड्रायव्हरची नसते. टॅग लगेच दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक स्टोरेज क्रॅशचं मूळ या ताबापालटाच्या गोंधळात होतं.

सगळ्यात कुप्रसिद्ध प्रसंग टाइमआउटचा. एनव्हीएमई या एसएसडींच्या प्रकारात नेहमीच्या आयओची (वाचण्या-लिहिण्याची) मूळ मुदत ३० सेकंद आहे. मुदत संपली की ब्लॉक लेयर ड्रायव्हरच्या टाइमआउट फंक्शनला हाक मारतो. नेमक्या त्याच क्षणी आळसावलेलं हार्डवेअर उत्तर देतं. एका सीपीयूवर टाइमआउट हँडलर रिक्वेस्ट रद्द करतोय, दुसऱ्यावर इंटरप्ट हँडलर तीच पूर्ण करतोय. दोघांनीही तिला संपवलं तर दुसऱ्या वेळी जी संपली ती कदाचित वेगळ्याच प्रोसेसची, त्याच टॅगवर आलेली नवी रिक्वेस्ट असते. क्रॅश झाला तर नशीब म्हणायचं. न होता वाचन पूर्ण झाल्याचं खोटं उत्तर गेलं तर फाइलीत कचरा.

म्हणून ड्रायव्हरचा कोड वाचताना कागदावर दोन रकाने करा, एक टाइमआउट आणि रीसेटच्या वाटेचा, दुसरा इंटरप्टच्या वाटेचा. प्रत्येक ओळीला विचारा : या क्षणी दुसरा रकाना कुठे असू शकतो? रद्द करण्याआधी हार्डवेअरला कमांड सोडून द्यायला सांगितलं का, की नुसतंच गृहीत धरलं? डीएमएचं मॅपिंग काढलं तेव्हा डिव्हाइस त्या बफरमध्ये लिहायचं थांबलं होतं का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण डिव्हाइसने उशिरा लिहिलेला डेटा तोवर दुसऱ्या कोणाला दिलेल्या पेजमध्ये जाऊन पडतो. मग क्रॅश नेटवर्कच्या कोडमध्ये होतो, आणि बिचाऱ्या नेटवर्कवाल्यांना आठवडाभर कामाला लावतो.

डिव्हाइसने परत दिलेल्या टॅगवर आंधळा विश्वासही ठेवू नका. एनव्हीएमईचा ड्रायव्हर याच कारणासाठी कमांडच्या १६ बिट ओळखक्रमांकातले १२ बिट टॅगला आणि ४ बिट पिढीच्या मोजणीला देतो. जुन्या पिढीचं उत्तर उशिरा आलं तर ते ओळखून बाजूला टाकता येतं. तुमच्या ड्रायव्हरमध्ये अशी जागा असेल तर तपासापुरती का होईना, ही मोजणी घाला.

कर्नललाच पहारा बसवा

केएसॅन हा कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा पहारेकरी, तो पहिला पर्याय. मेमरी मोकळी केल्यावर वापरली किंवा हद्द ओलांडली तर तो त्याच क्षणी बोलतो, आणि ती मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, दोन्हींचे ट्रेस छापतो. बदल्यात एक अष्टमांश मेमरी घेतो आणि कर्नल बराच मंदावतो. त्या मंदीमुळे वेळेचा खेळ बदलून कधी कधी बगच दडी मारतो. प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रांवर ५.१२ पासून आलेला केफेन्स ठेवता येतो. तो नमुन्यादाखल मोजक्याच ॲलोकेशनवर पहारा ठेवतो, म्हणून हलका आहे, पण चोर सापडेपर्यंत बरीच यंत्रं आणि बराच काळ लागतो.

केएसॅनच्या दोन आंधळ्या जागा स्टोरेजवाल्यांनी पाठ कराव्यात. ब्लॉक-एमक्यूच्या रिक्वेस्ट आधीच घेऊन ठेवलेल्या साठ्यातून येतात. पूर्ण झालेली रिक्वेस्ट कोणी पुन्हा हाताळली तरी मेमरी मोकळी झालेलीच नसते, त्यामुळे केएसॅनला त्यात काही वावगं दिसत नाही. दुसरी, डिव्हाइसने डीएमएने केलेलं लिखाण सीपीयूच्या कोडमधून जातच नाही, मग केएसॅन ते बघणार कसं? तिथे आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइसने मेमरीत कुठे हात घालायचा ते ठरवणारं हार्डवेअर, हवं, आणि तेही स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे मॅपिंग काढताच परवानगी खरोखर रद्द होते. मग चुकार लिखाण झालं की फॉल्टच्या संदेशात डिव्हाइस आणि पत्ता दोन्ही मिळतात. जोडीला डीएमए एपीआय डीबग चालू करा. दोनदा काढलेलं मॅपिंग किंवा चुकीची लांबी तो पकडतो.

लॉकडेप (कुलुपांच्या वापरातल्या चुका शोधणारा) आणि ॲटॉमिक स्लीपची (झोपायला मनाई असलेल्या जागी झोपण्याची) तपासणी हेही चालू असू द्या. इंटरप्टमधून म्यूटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारं कुलूप) घेणं आणि क्यू-आरक्यूमध्ये झोपणं या दोन चुका पहिल्या ड्रायव्हरमध्ये हटकून होतात. तिसरी चूक ही साधनं दाखवतीलच असं नाही : आयओच्या वाटेवर जीएफपी कर्नल हा नेहमीचा फ्लॅग वापरून मेमरी मागणं. मेमरी कमी असेल तर कर्नल डर्टी, म्हणजे बदललेली पण अजून न लिहिलेली, पेजेस डिस्कवर लिहायला बघतो, आणि ती डिस्क तुमचीच, म्हणजे ड्रायव्हर स्वतःचीच वाट बघत बसतो. इथे जीएफपी नोआयओ वापरायचं.

पुन्हा घडवून आणणं

जो बग मर्जीप्रमाणे घडवता येतो तो निम्मा सुटला. क्यूएमूमध्ये खोटी एनव्हीएमई डिस्क लावा, केएएसएलआर (दर बूटला कर्नलचे पत्ते बदलणारी सोय) बंद करा, जीडीबी हा डीबगर १२३४ या पोर्टवर जोडा आणि आत एफआयओ या डिस्कवर भार टाकणाऱ्या साधनाने पडताळणीसकट भार टाका. मग मुद्दाम अपघात घडवा. कर्नलमध्ये फेल आयओ टाइमआउट नावाची सोय आहे. ती पूर्ण झालेल्या रिक्वेस्टचं उत्तर गिळून टाकते, म्हणजे टाइमआउटची वाट तुम्हाला हवी तेव्हा उघडते. ड्रायव्हरमध्ये त्या तपासणीला हाक मात्र असावी लागते, नसेल तर एका ओळीने घाला. फेलस्लॅब ही सोय मेमरीची मागणी मुद्दाम नापास करते. एफआयओ चालू असतानाच सिसएफएस या डिव्हाइस हाताळायच्या आभासी फाइल सिस्टिममधून पीसीआय डिव्हाइस काढा, पुन्हा स्कॅन करा, हे रात्रभर लूपमध्ये चालवा. आणि टाइमआउटची मुदत ३० वरून १ सेकंदावर आणा. आठवड्यातून एकदा दिसणारी टक्कर तासात दिसायला लागते.

आधी चालत होतं आणि आता चालत नाही असं असेल तर गिट बायसेक्ट : दर फेरीत मधलं कमिट तपासून चांगला किंवा वाईट असा शिक्का मारायचा, की संशयित निम्मे होतात. सोळा हजार कमिट्समधून दोषी कमिट शोधायला चौदा फेऱ्या पुरतात. बग दर वेळी दिसत नसेल तर चांगला हा शिक्का मारायला घाई करू नका. एक चुकीचा शिक्का पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया घालवतो.

व्हीएमकोअरचं शवविच्छेदन

क्रॅश नावाच्या डंप वाचणाऱ्या साधनाला व्हीएमलिनक्स आणि व्हीएमकोअर द्या. माझा क्रम ठरलेला आहे. लॉग या आज्ञेने कर्नलचे संदेश, बीटी-ए ने क्रॅशच्या क्षणी प्रत्येक सीपीयू काय करत होता ते, मग न उठणाऱ्या झोपेत अडकलेल्या सगळ्या टास्कचे ट्रेस. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि फक्त पडलेला सीपीयू बघतात. टाइमआउटच्या टक्करीत दुसरा सीपीयू नेमका इंटरप्ट हँडलरमध्ये उभा असलेला सापडतो, रंगेहाथ. त्यानंतर मॉड्यूलची चिन्हं भरून स्ट्रक्ट आज्ञेने रिक्वेस्ट उघडा आणि तिची स्टेट बघा : ० म्हणजे निवांत, १ म्हणजे हार्डवेअरकडे, २ म्हणजे पूर्ण. ड्रायव्हर जिला पूर्ण करायला निघालाय ती आधीच ० वर असेल तर ताबा कधीच सुटला होता.

एखाद्या पॉइंटरमध्ये अपेक्षेपेक्षा नेमका एकच बिट वेगळा दिसला तर कोड सोडा आणि मेमरीची चाचणी करा.

पॅच आणि तक्रार

दुरुस्ती केल्यावर आधी ती काढून बग पुन्हा येतो का बघा, मग लावून तिप्पट वेळ चालवा. नुसतं आता दिसत नाही याला किंमत नाही. एखादी प्रिंट ओळ घातल्यानेही टक्कर टळते. कमिटच्या मजकुरात दोन सीपीयूंचे दोन रकाने काढा, कोण कधी कुठे होतं ते ओळीने लिहा. तपासणाऱ्याला एवढंच हवं असतं. बग आणणारं कमिट माहीत असेल तर फिक्सेस ही ओळ जोडा, म्हणजे पॅच कोणत्या जुन्या स्थिर आवृत्त्यांना हवा ते ठरवायला मदत होते.

दुरुस्ती जमली नाही तरी तक्रार पाठवा. गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट ड्रायव्हरची फाइल दिली की कोणाला लिहायचं ते सांगते. सोबत कर्नलची नेमकी आवृत्ती, कॉन्फिग, कंट्रोलरचं मॉडेल आणि फर्मवेअर, बूटपासूनचा अखंड लॉग आणि उलगडलेला ट्रेस द्या. स्क्रीनचा फोटो शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, पण त्यात पहिला ऊप्स वर सरकून गेलेला असतो, आणि पहिलं उत्तर म्हणून सीरियल लॉगच मागितला जाईल.